पितृपक्षातला टायर

आधी तो अंगठा बाजूला घ्या. टायरवर अंगठा दाबून "हवा आहे की हो भरपूर!" म्हणणाऱ्या माणसांनी माझं अर्धं आयुष्य खाल्लं आहे. अंगठ्याने आंबा पिकला की नाही ते कळतं, टायरमधली हवा कळत नाही. काही जण तर अंगठ्याचेही कष्ट घेत नाहीत, सरळ लाथ मारतात. ही विद्या कुठल्या शाळेत शिकवतात देव जाणे. लाथ मारून झाली की माझ्याकडे बघून समजूतदारपणे मान हलवतात आणि गाडीला किक मारून निघून जातात.

आमच्या बडोद्याच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "वैजूताई, यंदा तुमच्या धंद्यावर लिहा." मी म्हटलं, टायरवर कोण वाचणार हो? तर म्हणाले, लोकांना वेगळं काहीतरी हवं असतं. बरं, लिहिते. पण गोड गोड लिहा म्हणून सांगू नका. पाणीगेटच्या बाहेर दुचाकीच्या टायरचं दुकान मी बरीच वर्षं चालवलं, आता सून चालवते आणि मी गल्ल्यापाशी खुर्ची टाकून बसते. एवढ्या वर्षांत लोकांनी मुकाट्याने माझं ऐकलं असं फारसं कधी घडलेलं नाही.

दुकान मूळचं सासऱ्यांचं. त्यांच्या अंगावरून वारं गेलं, माझे मिस्टर रेल्वेत, त्यांच्या ड्यूटीचा काही नेम नाही, म्हणून दोन दिवस गल्ल्यावर बस म्हणाले, ती मी बसलेच. गिऱ्हाईक यायचं, माझ्या डोक्यावरून आत डोकावायचं आणि विचारायचं, "भाई नथी?" भाई आहेत, पण रेल्वेत आहेत, टायर मी देते. "ना ना, भाई आवे त्यारे आवीश." भाई आले की येतो. मग भाई यायचे, आणि भाईंना मी आतून सांगायची की ह्यांना कुठला टायर द्यायचा. पुढे मिस्टरच कंटाळले. एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "भाऊ, मला यातलं ओ की ठो कळत नाही, तिलाच विचारा." तेव्हापासून मी टायरवाळा बेन झाले.

आता हवेचं शास्त्र. फार नाही, घाबरू नका. प्रत्येक मोटरसायकलवर, बहुतेक वेळा साखळीच्या कव्हरवर नाहीतर मागच्या दांडीवर, एक स्टिकर असतो. पुढच्या चाकात किती हवा, मागच्या चाकात एकट्यासाठी किती आणि मागे कोणी बसणार असेल तर किती, हे त्यावर लिहिलेलं असतं. बस, तेवढाच आकडा पाळायचा. पण तो स्टिकर आम्ही गाडी घेतल्या दिवशी वाचत नाही, आणि नंतर त्यावर चिखल बसतो. मग एखादा हुशार निघतो, तो टायरच्या अंगावरचा आकडा वाचतो आणि म्हणतो, "बेन, एटली भरी आपो." एवढी भरून द्या! अरे बाबा, तो आकडा म्हणजे टायर जास्तीत जास्त किती सोसू शकतो त्याचा. माणूस जास्तीत जास्त किती पुरणपोळ्या खाऊ शकतो ते माहीत असलं म्हणून रोज तेवढ्या वाढता का?

हवा कमी असली की टायर कडेने झिजतो, गरम होतो, हँडल जड लागतं, पेट्रोल जास्त जातं. हवा जास्त झाली की टायर मधूनच टेकतो, मधूनच झिजतो, पावसात ब्रेक मारला की सरकतो, आणि खड्ड्यात गेला की तुमचा मणका मोजून देतो. शिवाय हवा सकाळी, गाडी थंड असताना बघायची. गाडी वीस गावं फिरवून आणायची आणि मग हवा बघायची, तर गरम टायरमध्ये ती जास्तच दिसणार. हे मी मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत सांगितलेलं आहे. तिन्ही भाषांत उत्तर एकच यायचं, "कंई नहीं थाय." काही होत नाही! या शहराच्या वेशीवर कमान बांधून त्यावर ही तीन अक्षरं, म्हणजे तीन शब्द, कोरायला हवेत.

एक आपलाच मराठी माणूस, कचेरीत हेडक्लार्क, वर्षाकाठी एकदा यायचा. दर वेळी टायर चपटे झालेले. मी म्हटलं, अहो, दर आठवड्याला हवा बघत जा. तर मला म्हणतात, "पण ताई, हवा मी काढलेलीच नाही, तर कमी कशी होईल?" त्यांचा चेहरा अगदी निरागस. ट्यूबमधून हवा हळूहळू आपोआप झिरपते, हे ऐकल्यावर त्यांना फसवणूक झाल्यासारखं वाटलं. कंपनीवर तक्रार करता येईल का, असंही विचारून घेतलं.

दुसरा एक हरणी भागातला. नवीन नोकरी, नवीन लग्न, साधी शंभरेक किलोची गाडी. त्याला मागे रुंद टायर हवा होता. का? तर लूक. आता चाकाची रिम जेवढी रुंद असेल तेवढ्याच मापाचा टायर बसतो. अरुंद रिमवर रुंद टायर दामटून बसवला की तो दोन्ही बाजूंनी आवळला जातो, मधे फुगतो आणि रस्त्याला टेकायचा तेवढा टेकत नाही. म्हणजे दिसायला पैलवान आणि पकडीला पोकळ. मी देणार नाही म्हटलं. नवी बायको बरोबर होती, तिच्यादेखत नाही म्हटल्याचा त्याला फार राग आला. दुसरीकडून बसवून घेतला. महिना झाला नसेल, परत आला. "बेन, गाडीमांथी वास शेनो आवे छे?" वास रबर जळल्याचा. टायर साखळीच्या कव्हरला घासत होता, आतून पार सोलवटला होता. मी काही बोलले नाही. बायकोच बोलली, आणि फार छान बोलली. मला मधे पडायची गरजच उरली नाही.

आणि बटणवाल्या टायरचे शौकीन तर विचारूच नका. डोंगरदऱ्यांत, मातीत चालवायचे ते जाड बटणांचे टायर. घ्यायचे आणि वासण्याहून अलकापुरीला, गावातल्या गावात, ऑफिसात जायचं, गुळगुळीत डांबरावरून, घों घों आवाज करत. पावागढाला एकदा जाऊन फोटो काढला की जन्माचं सार्थक. ओल्या डांबरावर ती बटणं पकड धरत नाहीत, हे सांगितलं की माझ्याकडे असं बघतात, जणू मीच त्यांना हिमालयात जाऊ देत नाहीये.

पण या सगळ्यांचा संताप एकीकडे आणि पितृपक्षाचा एकीकडे.

आमच्या धंद्यात भाद्रपदाचे ते पंधरा दिवस म्हणजे शुकशुकाट. पक्षात नवी वस्तू घ्यायची नाही. साडी घेऊ नका, सोनं घेऊ नका, घराचा सौदा करू नका, माझं काही म्हणणं नाही. पण टायर? पाऊस अजून पुरता गेलेला नसतो, रस्त्यावर चिखल असतो, मधेच भादव्याचं ऊन असं पडतं की डांबर मऊ होतं. टायर बदलायचे तर हेच दिवस. आणि नेमक्या याच दिवसांत अख्खं बडोदं, मराठी काय आणि गुजराती काय, टकल्या टायरवर फिरतं. पक्ष संपला की नवरात्र. मग म्हणतात, आता दसऱ्यालाच घेऊ, मुहूर्त आहे. म्हणजे गरब्याला एका गाडीवर तिघं, तीही त्याच टकल्या टायरवर. आणि दसऱ्याला सगळे एकदम माझ्या दारात. झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू! टायरला कुंकू लावतील, पण हवा बघणार नाहीत.

या सगळ्या पक्षवाल्यांचे शिरोमणी म्हणजे प्रभाकरराव मोहिते. माझ्या मिस्टरांचे लहानपणापासूनचे मित्र, त्यामुळे माझे भावोजी. आधी आमच्याच गल्लीत राहायचे, मग वासण्याला फ्लॅट घेतला. जन्मभर रिफायनरीत नोकरी केली, आणि नोकरी काय, तर पाइपांवरच्या प्रेशरचे काटे बघायचे! काटा एक रेघ हलला तर हा माणूस तिकडे शिट्ट्या वाजवायचा. आणि स्वतःच्या टायरला? अंगठा. त्यांची बायको निर्मला माझी मैत्रीण. बोलायला कमी. लग्न झाल्यापासून ती त्यांच्या मागे एका अंगावर बसून, एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवून, जाईल तिथे जात आलेली.

भावोजींचा एक नेम होता. वडिलांच्या तिथीला चांदोदला जायचं, नर्मदेवर श्राद्ध करायचं, आणि जायचं ते मोटरसायकलवरूनच, कारण हीच त्यांची पहिली गाडी, वडिलांनी घेऊन दिलेली. आणखी एक. बाबांना निर्मलाच्या हातचे उडदाचे वडे फार आवडायचे, म्हणून पहाटे उठून तिने सगळा स्वयंपाक करायचा, मोठ्या स्टीलच्या डब्यात भरायचा आणि तो डबा मांडीवर घेऊन मागे बसायचं. डभोईच्या पुढे रस्ता कसा असतो, ते ज्यांनी बघितलंय त्यांना मी सांगायला नको.

त्या वर्षी गणपती विसर्जनाच्या दिवशी ते दुकानात आले, हवा भरायला. मी मागचं चाक बघितलं. नक्षी पार गेलेली. टायरच्या खाचांमध्ये बारीक उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला असं समजायचं. यांचे उंचवटेही झिजून गेले होते. कडेला भेगा.

"भावोजी, आज टायर बदलल्याशिवाय मी तुम्हाला सोडत नाही," मी म्हटलं.

"आज? वैजूवहिनी, आज सोसायटीचा गणपती आहे, टेम्पो दारात उभा आहे. आज कुठला वेळ?"

"मग उद्या या."

"उद्यापासून पक्ष." आणि असे हसले, जणू त्यांनी मला बुद्धिबळात शह दिला.

"अहो, पितर काय टायर बघायला येतात का?"

"येतात की. पितरं सगळं बघतात."

"मग त्यांना हा टकला टायर दिसत नाही?"

"हवा टाइट भरून द्या, कंई नहीं थाय," म्हणाले आणि गेले. बडोद्याचं राष्ट्रगीत!

मी दोन दिवस चिडचिड केली. मिस्टर म्हणाले, तू सगळ्या गावाच्या टायरचा मक्ता घेतला आहेस का? मी म्हटलं, गावाचं नाही, पण त्या चाकावर माझी निर्मला बसते. मग मला एक युक्ती सुचली. भावोजींच्या मापाचा नवा टायर मी काढला आणि त्यांना फोन केला. म्हटलं, विकत घेऊ नका. उसना न्या. पक्ष संपेपर्यंत वापरा, मग आणून द्या, दसऱ्याला तोच टायर मी तुम्हाला विकते. उसनी वस्तू काही नवी खरेदी होत नाही. मला वाटलं, जमलं.

"वहिनी," ते म्हणाले, "पक्षात उसनंही आणत नाहीत."

हे कुठल्या पोथीत आहे, मी विचारलं. तर म्हणाले, आमच्यात नाही आणत. 'आमच्यात' या शब्दाने जेवढे लोक मेले असतील, तेवढे पानिपतात मेले नसतील. मी फोन ठेवला, तो आपटून ठेवला.

तिथीच्या आदल्या दिवशी दोघं मंगळबाजारातून, दर्भ, तीळ, पत्रावळी असलं सामान घेऊन परत जाताना दुकानाशी थांबली. भावोजी खुशीत. गाडी स्टँडला लावली आणि मला म्हणाले, "या वैजूवहिनी, बघा. उगाच तुम्ही काळजी करता."

मागच्या चाकाला टायर दुसरा होता. काळाकुळकुळीत, नक्षी खोल. क्षणभर मलाही बरं वाटलं. मग मी खाली वाकले.

"हा कुठून आणला?"

"भंगारबाजारातून. जुना आहे! नवा नाही, उसना नाही, आणि टकलाही नाही. पितर खूश, तुम्ही खूश." हे सांगताना त्यांचा चेहरा बघायला हवा होता. पितरांना आणि मला, दोघांनाही एका डावात हरवलं होतं त्यांनी.

वाचणाऱ्यांना सांगते, हा प्रकार काय असतो. भंगारात आलेला पार झिजलेला टायर घेतात. त्यावर जे काही नखभर रबर उरलेलं असतं, त्यातच तापलेल्या पात्याने नव्या खाचा कोरतात आणि वरून काळा रंग मारतात. म्हणजे नक्षी दिसावी म्हणून उरलंसुरलं रबरही खरवडून टाकतात. त्या खाचेच्या तळाशी उरतं काय, तर टायरच्या आतला धाग्यांचा थर. टकला टायर निदान आपण टकला आहोत हे लपवत तरी नाही. हा विग घालून आलेला. आणि वर यांनी त्यात पंपावरून हवा भरून आणली होती, दगडासारखी टाइट.

मी त्यांना काही बोललेच नाही. म्हटलं, या भिंतीवर आणखी डोकं आपटण्यात अर्थ नाही. मी निर्मलाला बोलावलं. तिच्या हातातली पिशवी घेतली, तिला चाकापाशी खाली बसवलं आणि तिचं बोट धरून त्या खाचेत घातलं.

"काय लागतंय?"

तिने बोट फिरवलं. "सुतळीसारखं काहीतरी."

"टायरचं हाड आहे ते. उद्या तू याच्यावर बसून चांदोदला जाणार आहेस."

भावोजी हसले. "घ्या! आता बायका टायर तपासायला लागल्या." निर्मला हसली नाही. ती उभी राहिली, पदराला बोट पुसलं. काळा रंग पदराला लागला. तिने तो बघितला. मग अगदी हळू, दर वेळी बोलते त्याच आवाजात म्हणाली, "अहो, तुम्ही पुढे व्हा. मी रिक्षाने येते."

"रिक्षाने? का?"

"आणि उद्या मी येणार नाही."

आमच्या दुकानासमोर पाणीगेटची सगळी रहदारी वाहत होती, हॉर्न, टेम्पो, भाजीच्या हातगाड्या, आणि तरी मला ते वाक्य नीट ऐकू आलं. भावोजींनाही आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वैजूवहिनी, माझ्या घरात भांडण लावलंत तुम्ही. बाबांच्या तिथीच्या आदल्या दिवशी."

"तुम्ही बसने जा," मी म्हटलं. "नाहीतर रिक्षा करा. माझा मुलगा गाडीने सोडेल. काहीही करा, पण या टायरवर जाऊ नका, मी पाया पडते."

"गाडी बाबांची आहे," ते म्हणाले आणि किक मारली.

निर्मला माझ्यापाशी बसली. मी चहा केला, तिने घेतला नाही. मग म्हणाली, "वडे मात्र करून देणार गं मी. मामंजींचा त्यात काय दोष?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "वैजू, हे पडले." कसंबसं कळलं की डभोईच्या पुढे पडले, तिथल्याच कुणी भल्या माणसांनी डभोईच्या दवाखान्यात नेलं, आणि फोन भावोजींनी स्वतःच केला. स्वतः फोन केला म्हणजे जिवंत आहेत, बोलताहेत. हे लक्षात आल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. खरं सांगते, आधी संताप आला. मुलाने गाडी काढली, मिस्टर पुढे बसले, वासण्याहून निर्मलाला घेतलं. रस्ताभर ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी मनातल्या मनात भावोजींना अशा शिव्या देत होते की ज्या इथे छापता यायच्या नाहीत.

दवाखान्यात ते कॉटवर बसलेले. हात गळ्यात बांधलेला, गालाची सालं निघालेली, गुडघ्याला पट्टी. खांद्याचं हाड मोडलं होतं. हेल्मेट होतं म्हणून डोकं शाबूत. आणि चेहरा? अहो, चेहरा आनंदाने फुललेला!

"निर्मला, ये ये! वैजूवहिनी, तुम्हीही आलात? ऐका, ऐका आधी." आम्हाला धड विचारूही दिलं नाही. "तो टायर फुटला. मान्य. बंदुकीसारखा आवाज झाला, गाडी आडवी झाली, मी इकडे फेकलो गेलो. मातीत पडलो म्हणून वाचलो. पण त्यानंतर काय झालं माहीत आहे? कावळे आले!"

"कसले कावळे?" मिस्टर म्हणाले.

"अरे, डब्यातले वडे रस्त्यावर सांडले ना! खीर, भात, सगळं. मी आडवा पडून बघतोय, तर एका मिनिटात कावळे. एक नाही, दोन नाही, ही झुंबड! लोक चांदोदला घाटावर तास तास बसतात, कावळा शिवत नाही. आणि इथे मी हाक मारली नाही, मंत्र नाही, दर्भ नाही, तरी टपाटप वडे उचलले. बाबा तृप्त झाले! वहिनी, तुम्ही म्हणत होता ना, पितर कुठे बघतात? आता सांगा."

तुम्हाला म्हणून सांगते, त्या क्षणी दवाखान्यातला सलाइनचा स्टँड उचलून त्यांच्या दुसऱ्या खांद्यावर घालावा असं मला वाटलं. माणूस मरता मरता वाचला आणि याला टायर फुटल्याचं पुण्य हवं! मी तोंड उघडलं. "भावोजी," म्हटलं, "त्या खाचेतलं सूत माझ्या हाताने दाखवलं होतं मी. हवा दगडासारखी, वर भादव्याचं ऊन, तो फुटणारच होता, तुमच्या बाबांनी काय..."

"पण झालं काय?" ते मला मधेच तोडून म्हणाले. "काही झालं का? कंई नहीं थयुं. हाड आहे, जुळेल. गाडी आहे, दुरुस्त होईल. गेला तो फक्त डबा. मागून ट्रक येत होता, त्या बिचाऱ्याने ब्रेक मारला, पण डबा रस्त्याच्या मधोमध जाऊन पडला होता. त्याच्यावरून गेला. तो बघा."

डबा कॉटखाली होता. कुणीतरी आणून ठेवला होता. आता डबा म्हणायचं ते जुन्या सवयीने. पत्र्याची चपटी थाळी झाली होती, झाकण आत घुसलेलं, आणि कडेच्या फटीत भाताची शितं चिकटलेली.

निर्मला खाली वाकली. तिने तो दोन्ही हातांनी उचलला. लग्नात तिच्या आईने दिलेला डबा होता तो, मला माहीत होतं. मांडीवर घेऊन कॉटच्या कडेला बसली. गाडीवर बसते तशीच, एका अंगावर.

"हा कुठे बांधला होतात तुम्ही?" तिने विचारलं.

"मागच्या सीटवर. दोरीने, चांगला घट्ट. तू नव्हतीस ना, मग तो बसवला तुझ्या..."

आणि भावोजी थांबले.

निर्मलाने डब्यावरून हात फिरवला. "हो," ती म्हणाली. "तिथे मी बसते."

भावोजी त्या डब्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा तो सगळा आनंद उतरत गेला. चांगला हात त्यांनी पुढे केला आणि तिचा पदर धरला, लहान मूल धरतं तसा. जन्मात कधी तिच्याशी चारचौघांत दोन शब्द मऊ बोललेला नाही हा माणूस, तो आमच्यादेखत रडायला लागला.

"कावळे आले होते गं," ते म्हणाले. "लगेच आले होते."

"आले असतील," निर्मला म्हणाली. "आता गप्प पडून राहा."